दोन्ही इंजिनं धडधाकट, तरीही विमान नदीत: ट्रान्सएशिया २३५

४ फेब्रुवारी २०१५. तैवानची राजधानी तैपेई. सकाळी पावणेअकराच्या सुमारास सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर ७२-६०० जातीचं विमान किनमेन बेटाकडे निघालं. आत ५८ माणसं होती. जमीन सोडल्यापासून अडीच मिनिटांत ते जवळपास उभं कलंडून एका उड्डाणपुलावरून गेलं. डावा पंख पुलावरच्या एका टॅक्सीला आणि कठड्याला घासला आणि विमान कीलुंग नदीत पडलं. ४३ जण गेले, १५ वाचले. टॅक्सीतले दोघे जखमी झाले, पण जगले. पुलावरच्या गाड्यांमधल्या डॅशकॅमवर हे सगळं चित्रित झालं, त्यामुळे तो कलंडलेला पांढरा पंख पुष्कळांनी पाहिला असेल.

बातम्यांत कारण एका ओळीत आलं: टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं. ही ओळ दोन ठिकाणी चुकीची आहे. ज्या इंजिनाचा इशारा आला ते बंद पडलंच नव्हतं. आणि जे खरोखर बंद झालं, ते वैमानिकाने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, आणि तेही पूर्ण जोरात चालत होतं. तैवानच्या विमान सुरक्षा परिषदेचा अंतिम अहवाल २०१६ च्या मध्यावर आला, त्यात सेकंदासेकंदाचा हिशेब आहे. तो समजायचा तर आधी या विमानाची एक-दोन यंत्रं समजून घ्यावी लागतात.

एटीआर ७२ ला दोन टर्बोप्रॉप इंजिनं असतात. ७२-६०० वर ती प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू१२७एम. आपल्याकडे कोल्हापूर, नाशिक, जळगावसारख्या विमानतळांवरून प्रवास केला असेल तर या विमानात बसल्याची शक्यता बरीच आहे. प्रत्येक इंजिनापुढे सहा पात्यांचा पंखा. हे इंजिन बंद पडलं तर जोर निम्मा होतो, इतकंच नाही. पाती समोरून येणाऱ्या हवेला आडवी राहिली तर पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि त्या बाजूला प्रचंड ओढ तयार होते. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात आडवा धरला की हात मागे फेकला जातो आणि तळहाताची कड पुढे केली की काहीच वाटत नाही, तोच हा प्रकार. म्हणून बंद इंजिनाची पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करायची. याला फेदर करणं म्हणतात. फेदर झालेला पंखा जवळजवळ थांबतो आणि विमान एका इंजिनावर नीट चढतं.

टेकऑफच्या वेळी हे काम वैमानिकावर सोडलेलं नाही. त्यासाठी एटीपीसीएस नावाची स्वयंचलित यंत्रणा आहे. तिचं काम साधं. दोन्ही इंजिनांचा टॉर्क, म्हणजे पंख्याच्या दांड्यावर येणारा पीळ, सतत मोजत राहायचा. एखाद्या इंजिनाचा टॉर्क १८.५ टक्क्यांच्या खाली गेला की ते मेलं असं धरायचं. मग दोन गोष्टी करायच्या. दुसऱ्या, चांगल्या इंजिनाचा जोर लगेच वाढवायचा: एरवी टेकऑफला ते २४७५ अश्वशक्ती देतं, आता २७५०. याला अपट्रिम म्हणतात. आणि सुमारे २.१५ सेकंद थांबून मेलेल्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर करायचा. वैमानिकाने एकाही दांड्याला हात न लावता हे सगळं होतं, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे.

टॉर्कचा हा संदेश वाचून पंखा फेदर करण्याचा हुकूम देणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा प्रत्येक इंजिनाला असतो, त्याला एएफयू म्हणतात. अपघातातल्या विमानाच्या उजव्या इंजिनाचा एएफयू नदीतून काढून तपासला, तेव्हा त्याच्या कनेक्टरच्या आतल्या सोल्डरच्या जोडांना तडे गेलेले आढळले. जोड कधी टेकायचा, कधी सुटायचा. सुटला की टॉर्कचा संदेश तुटायचा. डब्याच्या दृष्टीने संदेश नाही म्हणजे टॉर्क नाही, टॉर्क नाही म्हणजे इंजिन मेलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हा आजार ओळखीचा आहे. डबा टेबलावर ठेवला की शहाण्यासारखा चालतो आणि हादरे बसले, तापमान बदललं की रुसतो. अशा मधूनच येणाऱ्या बिघाडाइतका छळणारा बिघाड दुसरा नाही, कारण नेहमीच्या तपासणीत तो हाताला लागत नाही.

त्या दिवशी त्याने एक इशारा मात्र दिला होता. एटीपीसीएस सज्ज झाली की कॉकपिटमध्ये एआरएम असं हिरवं लिहिलेलं बटण उजळतं. त्यासाठी दोन्ही इंजिनांचे पॉवर लिव्हर, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, पुरेसे पुढे आणि दोन्हींचा टॉर्क पुरेसा वर असावा लागतो. धावपट्टीवर धाव सुरू झाली तेव्हा ते उजळलं नाही. त्या दिवशी चालवणारा आणि सहवैमानिक दोघेही कॅप्टनच होते. सहवैमानिकाच्या जागेवरच्या कॅप्टनने ते मोठ्याने सांगितलं. विमान चालवणाऱ्या कॅप्टनने टेकऑफ चालू ठेवायचं ठरवलं. काही सेकंदांनी दिवा लागला आणि विषय तिथेच संपला. एआरएम लागला नाही तर टेकऑफ सोडायचा, हे कंपनीने कागदावर नीट लिहून वैमानिकांपर्यंत पोहोचवलेलं नव्हतं, यावर अहवालाने नेमकं बोट ठेवलं. वेग कमी होता, धावपट्टी पुढे पडलेली होती, थांबायला काहीच अडचण नव्हती. तो दिवा उशिरा लागणं ही त्याच डब्यातल्या बिघाडाची खूण असावी.

१०:५२ ला चाकांनी जमीन सोडली. पुढचे आकडे स्थानिक वेळेचे आहेत.

१०:५२:३८. उंची सुमारे १२०० फूट, विमान ऑटोपायलटवर, उजवीकडे वळत चढतंय. मास्टर वॉर्निंग वाजली. समोरच्या पडद्यावर ठळक अक्षरात आलं की क्रमांक दोनचं इंजिन टेकऑफमध्ये बंद पडलं, आणि खाली करायच्या कामांची यादीही आली. क्रमांक दोन म्हणजे उजवं. तोपर्यंत एटीपीसीएसने आपलं काम उरकलं होतं. डाव्या इंजिनाचा जोर वाढला होता, उजवा पंखा फेदर झाला होता. उजवं इंजिन आत फिरतच होतं, फक्त त्याचा पंखा हवा कापत नव्हता.

इथे थांबून विचार करा की या क्षणी काय करायला हवं होतं. उत्तर खरंच असं आहे की जवळजवळ काहीच नाही. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्र मिळण्याची अटच अशी आहे की टेकऑफमध्ये एक इंजिन गेलं, चाकं आत घेतली, तरी त्याने दर १०० मीटर अंतराला किमान २.४ मीटर चढलं पाहिजे. चाकं आत होती, पंखा फेदर होता, चांगलं इंजिन पूर्ण जोरात होतं. नाक जरा खाली ठेवून वेग सांभाळायचा, एका बाजूचा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पायदांड्यावर, दाबून विमान सरळ ठेवायचं, ठरलेल्या उंचीपर्यंत चढायचं आणि मग, घाई न करता, यादी वाचायची. जगभर वैमानिकांना हेच शिकवतात: जमिनीपासून निदान ४०० फूट होईपर्यंत चाकं घेण्यापलीकडे कशाला हात लावू नका, आणि त्यानंतरही आधी विमान उडवा.

प्रत्यक्षात काय झालं? इशाऱ्यानंतर तीन सेकंदांत कॅप्टनने ऑटोपायलट काढला. आणखी दोन सेकंदांत त्याने सांगितलं की मी क्रमांक एकचा लिव्हर मागे घेतोय. क्रमांक एक म्हणजे डावं, चांगलं. शेजारच्याने लगेच थांबायला सांगितलं, आधी दोघांनी मिळून पडताळू असं म्हणाला. लिव्हर मागे गेलाच. पूर्ण नाही, पण जोर घटला.

चुकीच्या इंजिनाला हात लागू नये म्हणून कॉकपिटमध्ये एक ठरलेला विधी असतो. त्याची भीती वाटेल इतकी हळू गती मुद्दाम ठेवलेली आहे. आधी पायाने ओळखायचं. उजवं इंजिन गेलं की विमानाचं नाक उजवीकडे ओढलं जातं. सरळ ठेवायला डावा पाय दाबावा लागतो आणि उजवा पाय मोकळा राहतो. जो पाय निकामी, त्या बाजूचं इंजिन निकामी. मग डोळ्याने: टॉर्क कोणाचा पडला, पंख्याचे फेरे कोणाचे पडले, पडद्यावर कोणता आकडा आहे. मग चालवणारा त्या बाजूच्या पॉवर लिव्हरवर हात ठेवतो, पण हलवत नाही, आणि मोठ्याने सांगतो. दुसरा स्वतःच्या डोळ्याने पाहून होकार देतो. मग लिव्हर सावकाश मागे. सावकाश का? इंजिन खरंच मेलेलं असेल तर लिव्हर मागे घेतल्याने काहीही बदलणार नाही. चुकून जिवंत इंजिनाचा घेतला तर विमानाची ओढ लगेच बदलते, आवाज बदलतो, आणि लिव्हर परत पुढे ढकलायला वेळ मिळतो. त्यानंतर कंडिशन लिव्हर. पॉवर लिव्हरच्या शेजारीच असतो आणि खालच्या टोकाला दोन खाचा: आधी फेदर, मग इंधन बंद. त्यालाही पुन्हा हात, उच्चार, होकार. म्हणजे जिवंत इंजिन मारायचं तर दोन वेगळे दांडे, दोन वेगळ्या वेळी, दोन माणसांनी मान्य करून ओढावे लागतात. व्यवस्था इतकी पक्की आहे. ती एकाच गोष्टीने मोडते: चालवणाऱ्याने मनात आधीच ठरवून टाकलेलं असणं.

पुढची पंचवीस-तीस सेकंदं तसंच चाललं. दुसरा कॅप्टन यादी वाचत होता, अपट्रिम झालाय, ऑटोफेदर झालाय असं तपासत होता, क्रमांक दोन बंद पडल्याची खात्री झाली असंही म्हणाला. आणि त्याच वेळी क्रमांक एकचा लिव्हर आणखी मागे गेलेला होता. समोर डोंगराळ भाग असल्याचं भान आलं. मागच्या खुर्चीत निरीक्षक म्हणून बसलेल्या वैमानिकाने उंची कमी असल्याचं बजावलं. त्याच्या खात्यात १६ हजारांहून जास्त तास होते, तरी तो पाहुणाच. जोर घटलेला असताना नाक वरच राहिलं, त्यामुळे वेग पडत गेला. १०:५३:१२ ला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटत आल्याचा, इशारा वाजला, वैमानिकाच्या हातातला नियंत्रणाचा कॉलम थरथरू लागला. विमान जास्तीत जास्त १६३० फुटांवर पोहोचलं आणि तिथून खाली यायला लागलं.

मग १०:५३:२४ ला क्रमांक एकचा कंडिशन लिव्हर इंधन बंदच्या खाचेत गेला. पहिल्या इशाऱ्यापासून ४६ सेकंद. काही सेकंदांत डावा पंखाही फेदर झाला. आता विमानाला एकाही बाजूने जोर नव्हता. एक पंखा बिघडलेल्या डब्याने थांबवलेला, दुसरा माणसाने.

चुकीचं इंजिन बंद केलं हे लक्षात यायलाही वेळ लागला, आणि ते ओळखणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पडद्यावर दोन क्रमांकाचा इशारा तसाच होता. दुसऱ्याने नियंत्रण कक्षाला इंजिन बंद पडल्याचा मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, दिला तो १०:५३:३५ च्या सुमारास, म्हणजे इंधन बंद होऊन दहा सेकंदांनी. दोन्ही बाजूंचा जोर गेलाय असं १०:५४:०५ ला कुणीतरी म्हणालं आणि चार सेकंदांनी इंजिन पुन्हा चालू करायची आज्ञा आली. ती मग वारंवार आली. पण टर्बाइन इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. आधी स्टार्टरने आतला कॉम्प्रेसर पुरेशा वेगापर्यंत फिरवायचा, मग इंधन सोडायचं, ज्योत पकडायची, मग ते स्वतःच्या बळावर वेग घेईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी पंखा फेदरमधून बाहेर काढायचा. सगळं जमलं तरी अर्ध्या मिनिटाचं काम. १०:५४:२५ च्या सुमारास कॉम्प्रेसर ३० टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे इंजिन जागं होत होतं. १०:५४:२७ ला कॅप्टनने चुकीच्या बाजूचा लिव्हर ओढल्याचं उच्चारलं. आठ सेकंदांनी पंख टॅक्सीला लागला.

शेवटी विमान डावीकडे का कलंडलं? वेग संपत आला, उंची वाचवायला नाक वर ओढलं, पंख स्टॉल झाला आणि एक बाजू आधी पडली. वैमानिकाने उंच इमारती चुकवण्यासाठी मुद्दाम नदीकडे वळवलं, असं त्या दिवसांत बरंच लिहिलं गेलं, त्याला वीर ठरवलं गेलं. इतक्या कमी वेगात, स्टॉलच्या इशाऱ्यासकट ८० अंशांपर्यंत कलंडलेलं विमान कुणाच्या इच्छेने वळत नसतं. भावना समजते, पण तपासाला असल्या कथांचा उपयोग नाही, उलट मूळ प्रश्न झाकला जातो.

मूळ प्रश्न प्रशिक्षणाचा होता. कॅप्टनला पदोन्नतीच्या पहिल्या सिम्युलेटर परीक्षेत अपयश आलं होतं, दुसऱ्या प्रयत्नात तो उत्तीर्ण झाला. टेकऑफमध्ये इंजिन जाणं या नेमक्या प्रसंगात तो गडबडतो, दडपणाखाली घाईत निर्णय घेतो, हे परीक्षकांनी नोंदवून ठेवलं होतं. नोंद केली, पण नोंदीचं पुढे काय केलं? त्याच्यावर जादा सराव, जादा लक्ष असं काही ठोस झालं नाही. अपघातानंतर तैवानच्या विमान वाहतूक विभागाने कंपनीच्या एटीआर वैमानिकांची इंजिन बिघाडावर तोंडी परीक्षा घेतली, त्यात दहा जण नापास झाले. म्हणजे एकट्या माणसाची गोष्ट नव्हती. शिवाय जुलै २०१४ मध्ये याच कंपनीचं दुसरं एटीआर ७२ पेंगहू बेटावर माकुंगला वादळी हवेत उतरताना पडलं होतं आणि ४८ जण गेले होते. सात महिन्यांत दोन विमानं. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली.

दोन कॅप्टन शेजारी बसवणं हाही एक नाजूक भाग आहे. कागदावर ते जास्त सुरक्षित वाटतं: दुप्पट अनुभव. पण कॅप्टन आणि सहवैमानिक ही उतरंड ठरलेली असते तेव्हा कोण चालवतो, कोण तपासतो हे स्पष्ट असतं. दोन समान दर्जाच्या माणसांत दुसरा एकदा ‘थांब, पडताळू’ म्हणतो आणि समोरचा ऐकत नाही, तेव्हा पुढे काय? त्याने हात धरायला हवा होता, नियंत्रण माझ्याकडे असं जाहीर करायला हवं होतं. तसं करायचा अधिकार आणि सराव दोन्ही लागतात. या उड्डाणात दुसऱ्याने योग्य तेच शब्द उच्चारले, अगदी पाचव्या सेकंदाला. आणि नंतर तोही यादीतल्या पुढच्या ओळीवर गेला.

चांगलं इंजिन बंद करण्याचं हे पहिलं उदाहरण नव्हे. ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटिश मिडलँडचं बोइंग ७३७-४०० लंडनहून बेलफास्टला जाताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं. वैमानिकांनी उजवं बंद केलं. योगायोग असा की जोर कमी करताच डाव्याची थरथरही कमी झाली आणि आपण बरोबर केलं असा त्यांचा समज पक्का झाला. उतरताना डाव्याने साथ सोडली आणि विमान केगवर्थजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं, ४७ जण गेले. तिथे वैमानिकांकडे वीसेक मिनिटं होती, तैपेईत एकही नव्हतं. वेळ जास्त असून उपयोग झाला नाही, कारण दोन्हीकडे एकदा धरलेली समजूत कुणी पुन्हा उलटून तपासली नाही.

यंत्राच्या बाजूची दुरुस्ती तुलनेने सरळ होती. एएफयूच्या जोडांचा दोष अपघाताआधीही इतरत्र दिसला होता आणि प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाने त्यासाठी सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे दुरुस्तीची लेखी सूचना, काढलेलं होतं. अपघातानंतर डबे तपासण्याचं आणि बदलण्याचं काम वाढवलं गेलं. एटीपीसीएस सज्ज न झाल्यास टेकऑफ सोडण्याची सूचना कार्यपद्धतीत ठळक करण्याचा आग्रह अहवालाने धरला. एटीआरच्या कॉकपिटमध्ये टेकऑफच्या धावेत एआरएमचा उच्चार हा म्हणायचा म्हणून म्हटलेला मंत्र राहता कामा नये. तो दिवा विझलेला असेल तर हात पॉवर लिव्हरवरच असतात, दोन्ही मागे ओढायचे, ब्रेक लावायचा, आणि विमान मेकॅनिककडे न्यायचं. फार तर तासाभराचा उशीर होतो.